मिशनला गेलो आणि गुऱ्हाळ लावलं

आमच्या चर्चच्या तरुण संघातली सहा जणं तीन आठवड्यांसाठी केनियाला मिशनवर जाणार, अशी घोषणा रविवारच्या उपासनेत झाली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल तर माझे वडील. घरी येईपर्यंत हसत होते. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेला माणूस, त्यांचं हसणंही भट्टीच्या आवाजावर मात करणारं.

"गोरी माणसं बोटीत बसून कोल्हापूरला आली, आपल्या पणज्याला शिकवून गेली," ते म्हणाले. "आता तुमी कुणाला शिकवाय निघालाय? तुमास्नी सोताचं हातरूण घडी घालायला येत न्हाय!"

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे मंगळवार पेठेत कुणालाही विचारा. पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. आम्ही सहाजण म्हणजे एक बँकेतला, दोन नर्सिंगच्या पोरी, एक कॉलेजात शिकवणारी, एक मोबाइल दुरुस्तीवाला आणि मी, एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाइप करणारी. आफ्रिकेतल्या खेड्याला आमचा काय उपयोग, हे देवालाच ठाऊक होतं, आणि त्यानं ते आम्हाला अजून कळवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू कांदा-लसूण चटणीची बरणी घेऊन आल्या. "तिकडं तिखट न्हाय म्हणं मिळत. कशातबी घाल आणि खा," म्हणाल्या, आणि दाराबाहेर गेल्यावर परत वळून, "शिंव्हाच्या जवळ जाऊ नगंस." मग गारगोटीकडच्या गावाहून मामा आला. माझा मामा गुळव्या. गुऱ्हाळावर रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. रस आटवायची सगळी काहील त्याच्या एका शब्दावर. त्यानं पिवळ्याधमक गुळाची ढेप फडक्यात बांधून आणली होती. "कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं न्हाय," एवढंच बोलला. मुंबईच्या विमानतळावर त्या ढेपेनं मशीन थांबवलं. बॅग उघडा, हे काय आहे, फोडून दाखवा. मी म्हटलं, "गूळ हाय की! खा थोडा." त्या साहेबांनी खाल्ला नाही, पण हसून सोडलं.

पश्चिम केनियातल्या त्या गावाकडं जाणारा रस्ता लाल मातीचा होता आणि दोन्ही बाजूंना ऊस. माणसाच्या डोक्यावरून जाणारा, तुरे आलेला, दाट ऊस. दोन विमानं, एक रात्र आणि आठ तासांची बस एवढं करून आम्ही पोचलो होतो, आणि आमचा बँकवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "आयला, आपण फिरून गारगोटीलाच आलो की रं!"

काम ठरलेलं होतं. संडे स्कूलच्या खोलीला रंग द्यायचा, मुलांना गाणी आणि बायबलातल्या गोष्टी शिकवायच्या, घरोघरी जाऊन प्रार्थना करायची. आमचा पुढारी म्हणजे तोच बँकवाला. त्याला आम्ही दादा म्हणायचो, आणि तोही स्वतःला तसाच समजायचा. राहायची सोय गावातल्या घरांत, दोघं दोघं मिळून. मी आणि एक नर्स मैत्रीण ज्या घरी गेलो ते चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं. उंच, धिप्पाड, विधवा बाई. बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्या उठून लांब जायच्या. मी मनात म्हटलं, झालं, ही आपल्याच पेठेतली. मी तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागले आणि तिनंही का कशाला न विचारता ओ द्यायला सुरुवात केली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. मधे संडे स्कूलच्या एक शिक्षिका होत्या, त्या आम्हाला इंग्रजीत सांगायच्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो.

पहिल्या संध्याकाळी मी मामाची ढेप मावशीच्या हातात दिली. तिनं फडकं सोडलं, वास घेतला, एक कोपरा फोडून तोंडात टाकला. आणि फडक्याला परत गाठ मारली. मला वाटलं, आवडला नाही वाटतं. ती उठली आणि आम्हाला हाताला धरून घरामागं घेऊन गेली.

मागं चक्क गुऱ्हाळ होतं! लहानसं, पण गुऱ्हाळच. ऊस पिळायचा, डिझेलवर चालणारा चरक, चुलाण, त्यावर पत्र्याची रुंद काहील. तिचा नवरा असताना बसवलेलं. मग बाईंनी तिचं म्हणणं आम्हाला सांगितलं. त्या भागात बायका असा रस आटवून काळा, चिकट, धुराचा वास मारणारा गूळ करतात. तो खायला कुणी घेत नाही. तो घेतो दारू गाळणारा. त्या गावात गाळणारा होता मावशीचाच धाकटा दीर. वर्षानुवर्षं मावशीचा गूळ त्याच्या पिंपात जात होता. आणि मग मावशीचा मुलगा, एकुलता एक, त्याच दारूच्या नादी लागला. शाळा सुटली, पोरगा रस्त्यावर पडायला लागला. आता तो शहरात एका चर्चच्या आधारानं सुधारला होता, कामाला लागला होता. पण मावशीच्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. माझ्याच उसाची दारू माझ्याच पोराच्या पोटात गेली, असं ती म्हणायची.

म्हणून तिनं सगळ्या चर्चसमोर उभं राहून शपथ घेतली होती. या वर्षी माझ्या उसाचा थेंबही पिंपात जाणार नाही. बाजारातल्या दुकानदारानं सांगितलं होतं, घट्ट, पिवळा, खायचा गूळ आण, घेतो. पण तसा गूळ तिला जमत नव्हता. तो बसायचाच नाही, चिखलासारखा राहायचा. ऊस तर पिकून उभा होता, वाळायला लागला होता. दीर दर आठवड्याला सायकलवरून येऊन कुंपणापाशी थांबायचा आणि हसून विचारायचा, "मग वहिनी, कधी नेऊ?"

हे ऐकून माझं डोकं सटकलं. "बघतो की त्याच्याकडं!" मी म्हटलं. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, करतो, जातो, बघतो. "मावशी, आपण गूळ करायचा. माझा मामा गुळव्या हाय!"

दादा मधे पडला. "आपण रंग द्यायला आलोय. गुऱ्हाळ आपल्या कार्यक्रमात नाही."

"मग कार्यक्रमात घाल की! रंग काय पळून जातोय व्हय?"

दादाचं तोंड वाकडं झालं, पण नर्सपोरींनी माझी बाजू घेतली आणि मोबाइलवाला तर आधीच चरकाचं इंजिन उघडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाला व्हिडिओ कॉल लावला. महिला मंडळ जमलं होतं. तिकडं पोक्त बाईला मान देऊन 'मामा' म्हणतात. मी फोन वर धरून जाहीर केलं, "हा माझा मामा!" पडद्यावर टोपी, झुपकेदार मिशा आणि कानात केस असलेला मामा उगवला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. एक तर जमिनीवरच बसली. मामाला काही कळेना, पण बायका हसतायत म्हटल्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवला.

मग मात्र तो कामाला लागला. काहील दाखव, चुलाण दाखव, ऊस मोडून दाखव. काळेपणाचं कारण त्यानं लगेच ओळखलं. "मळी काढत न्हाईत ही! आगं, रस तापला की वर फेस येतोय, घाण येती. ती झाऱ्यानं काढायची. भेंडीच्या झाडाचा चीक घालायचा रसात, घाण सगळी वर उचलून आणतोय. भेंडी हाय का तितं?"

भेंडी नव्हती. पण तिथं एक पालेभाजी असते, शिजवली की तिला तार सुटते. मावशीनं मूठभर पानं चुरगाळून कॅमेऱ्यापुढं बोटं ताणून दाखवली. मामा खूश. "चालतंय की! बुळबुळीत असल्याशी मतलब!"

गुरुवारी सकाळी गुऱ्हाळ सुरू झालं. मावशीनं तिच्या निम्म्या रानातला ऊस तोडून आणला होता. चरक फिरला, फेसाळ रस पडायला लागला, आणि त्या वासानं मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही. डोळ्यांपुढं मामाचं रान, लहानपण, सगळं. आणि त्या भरात मी ती घोषणा केली. आमच्याकडं रीतच आहे, गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकामा जात नाही. वाटसरू असो, पावणं असो, शत्रू असो, रस पिऊनच जाणार. मी बाईंना म्हटलं, "सगळ्यांना सांगा, कोल्हापूरची पद्धत हाय, जो येईल त्याला रस!"

बाईंनी मोठ्यानं सांगितलं. कुंपणापलीकडची पोरं ते ऐकून पळाली, आणि मला वाटलं, किती लाजाळू पोरं.

पाऊण तासात सगळा गाव आला. तांब्या घेऊन, मग घेऊन, डबे घेऊन. शाळेची घंटा झाली तशी शाळाही आली, मास्तरांसकट. शेजारच्या गावचं एक लग्नाचं वऱ्हाड ट्रॅक्टरमधून चाललं होतं, तेही उतरलं. आम्ही सहाजण घामाघूम होऊन वाटतोय, हसतोय, लोक नाचतायत, कुणी गाणं धरलंय. नवरीमुलगी तर दोन मग प्यायली. गर्दीत मावशीचा दीरही होता, त्यानं तीन रिचवले आणि मला सलाम ठोकला. आणि मावशी? तिनं एकदाही नको म्हटलं नाही. पाहुण्यांनी घातलेली रीत, ती कशी मोडणार?

काहिलीकडं बघायचं भान आलं तेव्हा तिच्यात रस बोटभर उरला होता. खाली जाळ तर भरल्या काहिलीचा. बघता बघता कडेनं काळं पडलं, धूर उठला आणि सगळं करपलं. मंडळी पांगली. अंगणात चोथा, रिकामे मग आणि करपट वास. दीर कुंपणावर रेलून उभा होता. तो सायकलची घंटी वाजवून गेला.

मला रडूच फुटलं. अर्धा ऊस गेला, मावशीची अर्धी शपथ माझ्या तोंडानं उधळून टाकली. मामाला फोन लावला तर तो पहिल्यांदा पोट धरून हसला, आणि मग असा तापला की बस.

"आगं येडे! पावण्याला रस द्यायचा, गावाला न्हाय! आनि गाव येतंय तवा ऊस घेऊन येतंय! तुला कुणी सांगितलं ह्ये न्हाय व्हय कदी?"

नव्हतं सांगितलं. मला लहानपणापासून फक्त रसाचा मग मिळाला होता. मी हे सगळं बाईंना सांगितलं, बाईंनी मावशीला. मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. बाई म्हणाल्या, "ती म्हणते, झोप. उद्या उरलेला तोडू. देवाला अर्ध्या रानाचंही करता येतं."

पण सकाळी आम्ही उठलो तर अंगणात माणसं. पहिल्यांदा एक म्हातारे गृहस्थ, खांद्यावर पाच-सहा ऊस. मग एक बाई, डोक्यावर मोळी. मग मास्तर, मागं शाळेची पोरं, प्रत्येकाच्या हातात एक ऊस, काही पोरांनी वाटेत खाऊन निम्मा केलेला. बाईंनी आदल्या संध्याकाळी जाता जाता दोन घरी मामाचं बोलणं सांगितलं होतं, गाव येतं तेव्हा ऊस घेऊन येतं, आणि ते घरोघर पोचलं होतं. ट्रॅक्टरवाल्या वऱ्हाडानं तर मोळ्याच्या मोळ्या पाठवून दिल्या. मावशी दारात उभी राहून हात वर करून गायला लागली. मी मामाच्या नावानं एक शिट्टी हाणली. दादानं सगळ्या टीमला रंगाचे ब्रश खाली ठेवायला सांगितलं आणि स्वतः बाह्या सारून चरकात ऊस घालायला बसला. शपथेवर सांगते, त्या दिवशी मला तो पहिल्यांदा दादा वाटला.

या वेळी कुणालाही थेंब दिला नाही. एका नर्सला झारा दिला, ती मळी काढतेय. मी फोन धरून काहिलीभोवती फिरतेय आणि मामा ओरडतोय, "कडंचा जाळ कमी कर! हलीव, हलीव! गप्पा काय मारताय?" तो मराठीत ओरडायचा आणि कुणी सांगायच्या आतच बायका तसं करायच्या. रस पिवळा झाला, मग दाट, मग काकवीसारखा ओघळायला लागला. बुडबुडे मोठे झाले, फटफट फुटायला लागले.

"आता गोळी बघ!" मामा म्हणाला. "थेंब गार पाण्यात टाक, बोटानं वळ. वळली की लगी..."

आणि रेंज गेली. मामा तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठला.

मोबाइलवाला फोन घेऊन टेकाडाकडं पळाला. काहील थांबणार होती थोडीच! लवकर उतरवला तर चिखल, उशीर केला तर करपणार. सगळे माझ्याकडं बघत होते. मावशी सगळ्यात जास्त. मी आयुष्यात मार्कांसाठी प्रार्थना केली, नोकरीसाठी केली, पण अशी कधीच केली नव्हती. देवा, मावशीची लाज राख, माझी गेली तर गेली. थेंब पाण्यात टाकला, विरला. पुन्हा टाकला, मऊ गोळा झाला, बोटाला चिकटला. मावशी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. तिसऱ्यांदा तिनं टाकला आणि मी वळला. गोळी झाली. घट्ट, न चिकटणारी गोळी. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

"उतरवा!" मी किंचाळले. "उचला, उचला, उतरवाऽऽ!"

ती मराठी त्या गावात सगळ्यांना कळली. कड्यांत बांबू घालून चौघांनी काहील उचलली. मग घोटणं, घोटणं, हात तुटेपर्यंत घोटणं, आणि ओल्या फडक्यांनी मढवलेल्या बादल्यांत भरणं. मोबाइलवाला टेकाडावरून धापा टाकत परत आला, मामा म्हणतोय की लगेच उतरवा! आम्ही म्हटलं, सांग त्याला, उतरवला.

बादल्या सावलीत ठेवल्या आणि गाव त्यांच्याभोवती बसून राहिला. दुपार कलली. दीरही आला होता, सायकल घेऊन, मागं त्याचे रिकामे कॅन. चिखल झाला असता तर तोच नेणार होता.

चार वाजता मावशीनं पहिली बादली पाटावर उपडी केली. थोपटली. काही नाही. परत थोपटली. मग तिनं बादली दोन्ही हातांनी धरून अशी हिसकली की पाट हलला, आणि ढेप सुटली. पिवळी, कडक, कडेला फडक्याच्या सुरकुत्या उमटलेली. मामाच्या ढेपेएवढी देखणी नव्हती, एका बाजूला बसलेली होती, पण गूळ होता! खायचा गूळ!

त्या आरडाओरड्यात कोण कुणाला मिठी मारत होतं काही कळत नव्हतं. दादा मास्तरांबरोबर नाचत होता, त्याला नाचता येत नाही. मावशी ढेप फोडून सगळ्यांच्या तळहातावर खडे ठेवत चालली होती. दीरापाशी आली, क्षणभर थांबली, आणि त्याच्याही हातावर ठेवला.

त्यानं तोंडात टाकला. चघळला. बराच वेळ चघळला. मग मान खाली घालून काहीतरी विचारलं. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "तो विचारतोय, माझ्याही रानात ऊस उभा आहे, चरकाला कधी आणू?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आधी तुझी पिंपं आण," ती म्हणाली. "घासून घेते. रस साठवायला लागतील."

तो गेला. येईल असं मला वाटलं नव्हतं, देवाशपथ. पण तासाभरानं तो हातगाडीवर पिंपं घेऊन आला. एक, दोन, अशी सगळी. आमचा मिशनचा पहिला शनिवार आम्ही ती पिंपं राख आणि वाळूनं घासण्यात घालवला. आत डोकं घातलं की आंबूस वासानं डोळ्यांत पाणी यायचं. मैत्रीण अर्धी पिंपात शिरून 'हालेलुया' म्हणायची आणि ते असं घुमायचं की बाहेरची पोरं लोळायची. तेवढ्यात मामाचा फोन आला. काय करताय? पिंपं घासतोय म्हटलं. "येवढ्या लांब पिंपं घासायला गेलाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय मामा!" आणि मला एवढं हसू आलं की मी चिखलात बसले.

पलीकडं मावशी पायरीवर बसून तिच्या मुलाला फोन लावत होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तिनं त्याला हकिकत सांगितली नाही, काहीच नाही. नुसती गुळाची एक ढेप उचलली आणि फोनजवळ पायरीवर आपटली. टक्. परत, टक्.

पोरानं विचारलं, आई, हे काय?

"आपला ऊस," मावशी म्हणाली.

आम्ही पिंपांत हात घालून तसेच उभे. मग तो बोलला, आणि बाईंना ते आम्हाला सांगताना दोनदा थांबावं लागलं. तो म्हणाला होता, "थोडा ठेव माझ्यासाठी. मी घरी येतो."